गोट्याचा नियम

गोट्यानं ज्वारीचे दाणे हुंगले, मिशा हलवल्या आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"बघ, परत तसंच," चंदना म्हणाली. "कालचं पण तसंच पडलंय."

"डाळ देऊन बघ."

"दिली. भिजवून दिली, चुरून दिली, हातावर ठेवून दिली. आजी, तो माझ्याकडं बघतच नाही."

मी गुडघे धरत खाली बसले आणि खोक्यात हात घातला. एरवी कुणाचा हात आत आला की तो आधी बोटं हुंगायचा, मग जरासं चावून बघायचा. त्या दिवशी मी पाठीवर नुसतं बोट टेकवलं तर चिरकला. अंगावरचे केस राठ झाले होते. मागचे पाय त्यानं पोटाखाली ओढून घेतले होते आणि ते हलवायला तो तयार नव्हता.

"पोट दुखत असेल. ओवा देऊया जरासा."

"ओवा खातोय व्हय तो! दाणा खाईना, आणि म्हणे ओवा."

गोट्या म्हणजे आमच्या चंदनाचा गिनीपिग. सशापेक्षा लहान, घुशीपेक्षा गुबगुबीत, अर्धा पांढरा, अर्धा तांबूस. वारणेकाठच्या आमच्या गावात तसलं जनावर आधी कुणी पाहिलं नव्हतं. शेजारची कुसाबाई त्याला 'तुमचा बिनशेपटीचा उंदीर' म्हणायची आणि चंदना तिच्याशी आठवडाभर बोलायची नाही. चंदना पहिलीत असताना तिच्या बापानं, म्हणजे माझ्या शीतलनं, तो मिरजेहून आणला होता. शीतलचं खताचं दुकान होतं. संध्याकाळी दुकान बंद करून येताना पिशवीत गोट्यासाठी काहीतरी हिरवं असायचंच. कोथिंबीर, हरभऱ्याचा पाला, मक्याचं कोवळं पान. पिशवीचा आवाज कानावर आला की गोट्या खोक्याच्या कडेवर पुढचे पाय टेकवून असा काही ओरडायचा की गल्लीच्या तोंडाला कळायचं, शीतल घरी आला.

पुढच्या वर्षी शीतल मुनिसंघाबरोबर गेला. आधी ब्रह्मचारी, मग क्षुल्लक ही मधली पायरी, मग मुनी. दीक्षा झाली की नाव बदलतं, कपडे जातात, नाती संपतात. आम्ही जैन माणसं, आम्हाला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. घरातनं मुनी होणं ही आमच्यात फार मोठी गोष्ट. गावानं मिरवणूक काढली, मला हार घातला, सुनेला, पद्मजाला, साडी-चोळी केली. मिरवणूक संपल्यावर आम्ही तिघी घरी आलो तेव्हा दिवसभर कुणी काही न घातल्यामुळे गोट्या ओरडत होता. पद्मजानं गळ्यातला हार काढला, त्यातली फुलं ओरबाडली आणि त्याच्यापुढं टाकली. त्यानं खाल्ली.

हे सगळं होता होता तीन वर्षं गेली आणि संघाचा चातुर्मास आमच्याच गावात ठरला. पावसाळ्याचे चार महिने मुनी एका गावी राहतात. शीतल आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, राहायला आले. मी आता त्यांना 'ते' म्हणते. तेव्हा जीभ वळायची नाही, पण म्हणायचे.

मुनी दिवसातून एकदा जेवतात, तेही उभ्यानं, ओंजळीत. सकाळी बस्तीतून बाहेर पडताना मनात एक खूण धरतात. कुणाच्या दारात नारळ दिसला तर, कुठं दोघी बायका कलश घेऊन उभ्या दिसल्या तर, असं काहीतरी. ज्या दारात ती खूण दिसेल तिथं थांबतात, कुठंच दिसली नाही तर त्या दिवशी उपास. त्यांच्या मनातली खूण कुणालाच ठाऊक नसते. म्हणून रोज सकाळी आख्खं गाव सोवळ्यात, स्वयंपाक करून, दारात उभं असतं. आम्हीही उभ्या राहायचो. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्याला लावलेली, नजर खाली, असे एकेकाळचे शीतल, आताचे महाराज, गल्लीतून येत. आम्ही तिघी एका सुरात म्हणायचो, "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ." थांबा, थांबा. ते पुढं जात. कधी कुसाबाईच्या दारात थांबत, कधी कोपऱ्यावरच्या मगदुमांच्या. आमच्या दारात एकदाही थांबले नाहीत.

"खूण चुकतीय आपली," चंदना म्हणायची. "उद्या केळं धरू."

केळं झालं, नारळ झाला, लाल फडक्यात बांधलेला कलश झाला, एकदा तिनं उसाचं कांडं धरलं.

"अगं, ते स्वतःच्या घरी यायचं टाळत असतील," कुसाबाई म्हणाली. "मोह नको म्हणून."

"महाराजांना स्वतःचं घर नसतं," चंदना म्हणाली. "मग टाळतील कसं?"

पाठशाळेत जाणारी पोर. तिच्याच पुस्तकावर बोट ठेवून मी म्हातारपणी अक्षरं शिकले. त्यामुळं धर्माच्या गोष्टीत ती मला पुरून उरायची.

चातुर्मासाच्या सुरुवातीला गावातली सगळी मुलं महाराजांपुढं रांगेनं बसली आणि एकेक नियम घेऊ लागली. कुणी टीव्ही सोडला, कुणी गोळ्या-बिस्किटं. एकच कालवा होता, कुणाचं काय ऐकू गेलं कुणास ठाऊक. महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून सगळ्यांना एकदमच आशीर्वाद दिला. घरी आल्यावर चंदनानं आम्हाला सांगितलं, "मी हिरवं सोडलं. मी आणि गोट्यानं. महाराजांचा आहार आपल्या घरी होईपर्यंत."

हिरवं म्हणजे नुसती पालेभाजी नव्हे. ताजं फळ, काकडी, कोथिंबिरीची काडीसुद्धा. आमच्यात चातुर्मासात पुष्कळजण सोडतात. मी आणि पद्मजानं कौतुक केलं. गोट्यालाही नियमात घेतलंय म्हणून हसलो. ज्वारी होती, डाळ होती, कडबा होता. म्हशी त्यावर जगतात, एवढासा जीव जगणार नाही का, असं आम्हाला वाटलं.

पहिले काही दिवस शेजारी भाजीची पिशवी वाजली की तो ओरडायचा. मग ओरडणं कमी झालं. चंदना म्हणाली, "सवय झाली त्याला. बघ, कसा नियम पाळतोय."

आणि आता तो दाण्याकडं पाठ करून बसला होता.

*

गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात आम्ही त्याला टोपलीत घालून नेलं. पुढं एकजण म्हैस घेऊन उभा होता. त्यानं टोपलीत डोकावून पाहिलं.

"आजी, ही दूध किती देती?"

"तुझ्या म्हशीपेक्षा बुद्धी जास्त हाय त्याला," चंदना म्हणाली.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, असलं जनावर शिकताना पाहिलं, नोकरीत पहिल्यांदाच. त्यांनी गोट्याचं तोंड उघडलं. हिरड्यांतून रक्त येत होतं. मागच्या पायांचे सांधे सुजले होते.

"खातो काय हा?"

"ज्वारी. हरभऱ्याची डाळ. कडबा," मी सांगितलं.

"हिरवं?"

चंदनानं टोपली जवळ ओढली.

"हिरवं देता की नाही? पाला, कोथिंबीर, पेरू?"

"पावसाळा लागल्यापासून नाही."

"अहो, का?" ते खुर्चीतून उठले. "गाय-म्हशीचं वेगळं असतं. त्यांच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होतं. याच्या होत नाही. हा आपल्यासारखा. बाहेरनं मिळालं नाही तर हिरड्या जातात, सांधे जातात, मग भूक जाते. आणि याचं पोट रिकामं राहिलं की आतडी थांबतात. मग काही उपयोग नाही."

त्यांनी थेंबाचं औषध दिलं, बिनसुईच्या पिचकारीनं दाढेजवळ सोडायला. चंदनानं लगेच बाटली उलटसुलट करून पाहिली.

"हे हिरवं नाही ना?"

"औषध आहे, बाळ."

"मग चालेल."

"नुसत्या औषधानं नाही चालणार," डॉक्टर म्हणाले. "त्यानं स्वतः खायला पाहिजे. त्याला सगळ्यात जास्त आवडतं ते द्या. आज, आत्ता, घरी जाऊन."

"वाचेल का?" मी विचारलं.

त्यांनी चंदनाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "उशीर झालाय," एवढंच म्हणाले.

*

पद्मजानं सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकताच चपला घातल्या आणि कुसाबाईच्या परसातून कोथिंबिरीची मूठ घेऊन आली. चंदना खोक्यावर आडवी पडली.

"नाही! आई, महाराजांपुढं घेतलाय!"

"ऊठ. मरंल ते."

"औषध दिलंय त्याला!"

"चंदे, ऊठ म्हणते ना."

"नियम मोडला तर ते कधीच येणार नाहीत!"

पद्मजा कोथिंबीर हातात घेऊन तशीच उभी राहिली. ती फार बोलणारी बाई नव्हती. नवरा गेल्यावर दुकान चालवलं, मुलगी वाढवली, माझं दुखणं-खुपणं पाहिलं, पण शब्द काढला नाही. त्या दिवशी काढला.

"ते मोकळे झाले. नियम आम्हाला ठेवून गेले," ती म्हणाली. "आता उंदरालासुद्धा."

"पद्मजा!" मी म्हटलं.

"काय चुकीचं बोलले? तुम्ही सांगा, आत्या."

मी चंदनाजवळ बसले. म्हटलं, "मी महाराजांना विचारून येते. ते म्हणाले चारा, तर चारायचं. मग तर नियम मोडला असं नाही ना होत?"

ती ताडकन उठून बसली. "नको! त्यांना सांगू नको, आजी. पाया पडते."

"का गं?"

"त्यांना कळलं की आपण त्यांच्यासाठी नियम धरून बसलोय, की संपलं. बोलावून मुनी येत नाहीत. एखाद्या घरानं खास त्यांच्यासाठी नियम धरलाय असं कळलं तर ते त्या दारात थांबत नाहीत. दोष लागतो. पाठशाळेत शिकवलंय." ती माझा पदर धरून बोलत होती. "आत्ता त्यांना माहीत नाही, म्हणून कधीतरी येतील. चुकून तरी येतील. सांगितलंस तर चुकूनसुद्धा येणार नाहीत."

ती म्हणत होती ते खरं होतं. मलाही ते ठाऊक होतं. खोक्यात गोट्या डोळे अर्धे मिटून बसला होता आणि त्याची कूस भराभर वरखाली होत होती.

"बरं," मी म्हटलं. "नुसतं नियमाचं विचारते. कशासाठी घेतलाय ते नाही सांगत."

"शप्पथ?"

"अगं, आपण शप्पथ घेत नाही. नाही सांगणार म्हटलं ना."

तिनं पदर सोडला.

*

दुपारी बस्तीत स्वाध्याय संपला होता. बायका निघून गेल्या होत्या. महाराज लाकडी पाटावर बसले होते आणि बस्तीचे पुजारी नेमिनाथ उपाध्ये जरा बाजूला ग्रंथ कापडात गुंडाळत होते. ते होते हे बरं झालं. बाईमाणसानं मुनींशी एकट्यानं बोलायचं नसतं, आईनंही नाही.

मी सात हात अंतर ठेवून बसले. "नमोस्तु, महाराज."

त्यांनी पिंछी किंचित उचलली. खूप वाळले होते. बरगड्या मोजता आल्या असत्या. लहानपणी त्यांना दूध-भात भरवताना मी गल्लीभर मागं पळायचे, ते मनात आलं आणि मी ते परत आत ढकललं.

"बोला, रत्नाक्का," उपाध्ये म्हणाले.

"महाराज, एका मुलीनं नियम घेतलाय. हिरवं सोडलंय. तिनं तिचं सोडलं ते ठीक. पण घरातल्या एका मुक्या जनावराचं पण सोडलं. आता ते जनावर काहीच खाईना झालंय."

उपाध्ये मोठ्यानं हसले. "जनावराचा नियम! आक्का, उद्या म्हशीला चतुर्दशीचा उपास धरायला लावाल."

महाराज हसले नाहीत. "नियम आपल्या तोंडाचा असतो," ते म्हणाले. आवाज तोच होता, फक्त सावकाश. "दुसऱ्याच्या तोंडाचा घेता येत नाही. तो नियम नव्हे. त्याला चारा घाला."

माझ्या जिवात जीव आला. मी उठायला हवं होतं. पण मनात पोर होती.

"आणि मुलीचा?"

"वय काय?"

"दहा, महाराज."

"लहान आहे. तिच्या आईची संमती लागते. आई नाही म्हणाली तर तो नियम धरत नाही."

आईची म्हणाले. दुसऱ्या कुणाचं नाव काढलं नाही.

मी नमोस्तु म्हणून हात जोडले, आणि तेवढ्यात उपाध्यांनी सहज, ग्रंथाची गाठ मारता मारता विचारलं, "पण आक्का, नियम कुठवरचा होता? दिवाळीपर्यंतचा का?"

महाराजांनी मान जराशी वर केली. उत्तराची वाट पाहत होते. मी कुसाबाईशी खोटं बोलू शकले असते, डॉक्टरांशी बोलू शकले असते. तिथं बसून मला खोटं बोलता येईना. गप्प बसून राहावं, तर गप्प बसणं हेही सांगितल्यासारखंच झालं असतं.

"महाराजांचा आहार घरी होईपर्यंतचा," मी म्हटलं.

उपाध्यांचा हात गाठीवर थांबला. "अरेरे," ते हळूच म्हणाले. "आक्का, हे कशाला सांगितलंत?"

बाहेर अंगणात कबुतरं उतरत होती. महाराज पिंछीच्या पिसांकडं पाहत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, अगदी खालच्या आवाजात, जणू स्वतःलाच,

"पिशवी वाजली की ओरडतो का अजून?"

उपाध्ये गोंधळून माझ्याकडं बघू लागले. त्यांना काही अर्थ लागला नाही.

"नाही, महाराज," मी म्हटलं. "आता नाही ओरडत."

त्यांनी डोळे मिटले. उपाध्यांनी मला उठण्याची खूण केली.

*

चंदना दारातच उभी होती. माझा चेहरा पाहून तिला कळलं.

"सांगितलंस."

"विचारलं त्यांनी. महाराजांपुढं खोटं कसं बोलू?"

मला वाटलं होतं ती आरडाओरडा करेल. ती नुसती खाली बसली. मग म्हणाली, "त्याला चारू का?"

"चारायचं म्हणाले. त्याचा नियम नव्हताच म्हणाले."

तिनं पद्मजानं आणलेली कोथिंबीर घेतली. एकेक काडी निवडून, पुसून, सगळ्यात कोवळी पानं त्याच्या तोंडाशी धरली. गोट्यानं नाक हलवलं. नाक बराच वेळ हलत होतं. मग त्यानं एका पानाचं टोक दातांत धरलं.

"खातोय! आई, खातोय!"

दोनतीनदा जबडा हलला. मग थांबला. पान तसंच तोंडातून लोंबत राहिलं. थोड्या वेळानं चंदनानंच ते काढून घेतलं. पद्मजानं पेरू किसून त्याचं पाणी पिचकारीनं सोडलं, ते गालावरून खाली आलं. आम्ही पुन्हा सोडलं. पुन्हा खाली आलं.

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवतो. पद्मजानं चंदनाचं ताट वाढलं, त्यात दोडक्याची भाजी वाढली.

"माझा नियम आहे," चंदना म्हणाली.

"माझी संमती नाही. आईची लागते. महाराजच म्हणालेत."

"लागू दे. मी नाही खाणार. माझा आहे तो." तिनं दोडका बाजूला सारला आणि कोरडी भाकरी डाळीशी खाल्ली.

मला तिची दया आली. म्हणून मी तिला ते सांगितलं. मनात होतं कुणालाच सांगायचं नाही, पण सांगितलं.

"चंदा, त्यांनी गोट्याचं विचारलं."

तिचा घास हातात राहिला. "काय विचारलं?"

"पिशवी वाजली की ओरडतो का अजून, असं."

"खरंच?" ती माझ्याकडं सरकली. "'अजून' म्हणाले?"

"'अजून' म्हणाले."

"गोट्या म्हणाले?"

"नाव नाही घेतलं. पण त्याचंच."

"परत सांग. कसं म्हणाले?"

मी परत सांगितलं. तिनं मला ते पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, आवाज कसा होता, कुठं बघत होते, मान कशी होती. मग खोक्यापाशी जाऊन तिनं गोट्याच्या कानात ते सांगितलं. पद्मजा ताटं उचलत होती. तिनं आमच्याकडं पाठ केली आणि भांडी घासायला घेतली. दुसऱ्या दिवशी धुवायची भांडीसुद्धा तिनं घासली.

*

सकाळी गोट्या गेला. चंदनानं त्याला मांडीवर घेतलं होतं. कधी गेला ते तिलाही कळलं नाही. थंड लागतोय म्हणून तिनं पांघरूण आणायला सांगितलं, तेव्हा पद्मजानं हात लावून पाहिलं.

परसात खड्डा खणला. कुसाबाई कुंपणापलीकडून आली. उंदीर म्हणाली नाही. स्वतःच दोन ओंजळी माती ढकलून गेली.

घरातलं पाळलेलं जनावर गेलं की आमच्यात एक दिवस सुतक. त्या दिवशी मुनींना आहार देता येत नाही, दारात उभंही राहता येत नाही. पद्मजानं सोवळ्याच्या साड्या काढल्याच नाहीत. तिनं दार लोटून घेतलं. बाहेर गल्लीत एकेका दारातून 'नमोस्तु, नमोस्तु' ऐकू येऊ लागलं. संघाचे गुरू, आचार्य, गेले. मागून दुसरे महाराज गेले. चंदना दाराच्या फटीला डोळा लावून बसली होती. आवाज गल्लीच्या टोकाला गेले आणि थांबले.

"आजी, ते नाही आले."

"दुसऱ्या गल्लीनं गेले असतील."

"रोज याच गल्लीनं येतात."

मला वाटलं, कालचं सगळं कळल्यावर त्यांनी आमची गल्ली सोडली असेल. मी तसं बोलले नाही.

दुपारी उपाध्ये दाराशी आले. सुतक म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "कळलं मला जनावराचं," ते म्हणाले. जरा घुटमळले. "आज महाराज आहाराला उठलेच नाहीत, आक्का. काल तुम्ही गेल्यावर आचार्यांपुढं जाऊन बसले होते बराच वेळ. काय बोलणं झालं ते ठाऊक नाही. आज उपास आहे त्यांचा."

"तब्येत बरी आहे ना?" मी विचारलं.

"तब्येतीला काही नाही." ते चंदनाकडं बघून हसले. "बघ बाळ, तुझ्या गोट्यासाठी महाराजांनी उपास धरला."

असं म्हणून ते गेले. भला माणूस. पोरीला बरं वाटावं म्हणून बोलला.

मी चंदनाकडं पाहिलं. तिला बरं वाटलेलं दिसत नव्हतं. ती चौकटीला टेकून विचार करत होती, पाठशाळेत एखादी गाथा अर्धी आठवली की करायची तसा.

"आजी, ते काल आचार्यांपुढं बसले तेव्हा गोट्या गेला नव्हता."

"नाही."

"मग त्याच्यासाठी कसा?"

मी दार लोटून घेतलं.

"मुनींनी मागचं घर आठवायचं नसतं. आठवलं तर गुरूंना सांगायचं. मग गुरू प्रायश्चित्त देतात. उपास देतात." ती जमिनीकडं बघत एकेक वाक्य जुळवत होती. "म्हणजे त्यांना आठवलं."

"हो. आठवलं."

"पिशवी आठवली."

"हो."

"म्हणजे आपण पण आठवलो असू."

"असू."

मला वाटलं, एवढं तरी तिच्याजवळ राहू दे. ती इथंच थांबू दे.

"पण उपास केला की ते पुसलं जातं ना, आजी? त्यासाठीच करतात ना?"

"त्यासाठीच करतात," मी म्हटलं.

"मग आता विसरतील."

"हो."

ती रडली नाही. पद्मजा आतून सगळं ऐकत होती. तिनं पाट मांडले, दिवस असताना ताटं वाढली आणि चंदनाला हाक मारली. ताटात मेथीची भाजी होती, हिरवीगार, आणि पद्मजा या वेळी संमतीचं काही बोलली नाही. चंदनानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजी पुढं ओढली आणि खायला लागली. सगळी खाल्ली. मग ताट पुढं करून म्हणाली, "अजून वाढ."